गाऊन पोट भरतं का? मिरजेची एक फेरी

मिरज जंक्शन आपल्या वाचकांना नवे नाही. कोणी घरच्यांचे दुखणे घेऊन इथल्या दवाखान्यात आलेला असतो, कोणी पंढरपूरची किंवा बेळगावची गाडी धरायला उतरलेला असतो, कोणी सांगलीच्या पेठेत हळद-बेदाणा विकून परतताना इथे चहा घेतलेला असतो. पुढच्या खेपेला हाताशी तीन-चार तास असले, तर फलाटावर बसून राहू नका. गावात चला. आणि घरात एखादे गाणारे-वाजवणारे पोर असेल, तर त्यालाही बरोबर घ्या.

असे पोर बहुतेक घरांत असतेच. भजनाला बसले की त्याचा टाळ कधी चुकत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस त्यालाच मिळते. गाव कौतुक करते, पाठीवर थाप मारते. पण दहावी-बारावी जवळ आली की तेच गाव विचारते, "गाऊन पोट भरतं का रे?" मग पेटी माळ्यावर जाते आणि पोर अशा कोर्सला जाते की ज्यात ना त्याचे मन असते, ना पुढे नोकरीची खात्री. आईबापांचे चुकते असे नाही. गाणे हा शिकण्याचा विषय आहे, त्याला अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत, त्यावर संसार चालवणारी माणसे आहेत, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. मिरजेत ते डोळ्यांनी दिसते.

भोपळ्याची गल्ली

पहिल्यांदा सतारमेकर गल्लीत जाऊ. कोणालाही विचारा, वाट दाखवतील. गल्लीत शिरलात की दुकानांच्या फळीवर, छताला, ओट्यावर भोपळेच भोपळे दिसतील. घागरीएवढे, काही त्याहून मोठे. शेतकऱ्याचे लक्ष आधी तिकडेच जायचे.

हा आपल्या भाजीचा दुधी नव्हे. त्याच्याच जातकुळीतला, पण कडू आणि जाड सालीचा. कडू म्हणून माणूस तो खात नाही. वेलावर पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा, एवढीच त्याची मशागत. मिरजेला हा भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. ज्या मंगळवेढ्याची ज्वारी आपण नावाजतो, तिथलाच हा भोपळा. तिथे तो वेलावर असतो तेव्हा बाजारात कोणी त्याला विचारीत नाही. मिरजेत आला की त्याचा तानपुरा होतो.

कारागीर भोपळा आधी पाण्यात भिजवतो. मऊ झाला की वरचा भाग कापून गर आणि बिया काढतो, आतून काड्यांचा आधार देऊन हवा तो घाट आणतो आणि पुन्हा वाळू देतो. मग त्याला लाकडाचा गळा आणि लांब पोकळ दांडी जोडायची. लाकूड बहुतेक कर्नाटकातल्या रानांतून येते. भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडी तबली बसते, तबलीवर घोडी, दांडीच्या टोकाला खुंट्या. वर नक्षी, रोगण. तानपुऱ्याला तारा चारच, पण सगळे कसब घोडीवर असते. तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिला जेमतेम चाटून जावी, आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. मग तो गुंजारव निघतो. याला जवारी काढणे म्हणतात. नुसत्या हाताने ती निघत नाही, कान तयार लागतो. चांगली जवारी काढायला माणसाची वर्षे जातात.

हे कारागीर मूळचे कोण? शिकलगार. तलवारी-भाले घडवणारी, त्यांना धार लावणारी ही घराणी. इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या, हत्यारांचे काम सरले. त्याच सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई-वादक इथे येऊन राहू लागले होते. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नवी वाद्ये घडवायला घेतली आणि पुढे घराण्याचे नावच सतारमेकर पडले. धंदा मोडला तर हातातली कला दुसरीकडे कशी लावावी, याचा हा धडा आपल्यालाही उपयोगी आहे.

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला, बेदाण्याला जे आहे तेच. मात्र या गल्लीत सगळे गोड आहे असे समजू नका. तानपुऱ्याचे काम करणारी विजेची पेटी आली, मागाहून ते मोबाइलवरही आले. कष्ट फार, पैसा बेताचा, म्हणून काही घरांतली मुले दुसरीकडे वळली. पण ज्याच्या जवारीला नाव आहे, त्याच्याकडे दूरदूरचे गवई आजही माणूस पाठवतात.

दर्ग्यातली समाधी

गल्लीतून निघून मीरासाहेबांच्या दर्ग्यात या. इथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात. याच आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याचे हे थोर गवई, जन्म १८७२. उत्तरेतल्या कैराना गावचे. आजारपणात मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केली आणि गुण आला, तेव्हापासून त्यांचे मन मिरजेला जडले असे सांगतात. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, आणि त्यांना आणले ते मिरजेलाच. दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची हजेरी लागते. मोठमोठे कलावंत येऊन गातात. तिकीट नसते. बसायला जागा मिळाली की झाले.

खाँसाहेबांची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. आपल्या संगीतात बावीस श्रुती म्हणतात, त्या खरोखर किती अंतरावर आहेत, हे मोजून काढायचा त्यांनी ध्यास घेतला. खाँसाहेबांनी सूर लावायचे आणि देवलांनी ते मोजायचे. १९१० साली देवलांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यांची सगळी मापे पुढच्या पंडितांनी मान्य केली असे नाही. पण गवई आणि अधिकारी समोरासमोर बसून सुराची मोजदाद करीत होते, हे लक्षात घ्या. अभ्यास म्हणतात तो हाच.

यानंतर दहाबारा वर्षांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही याच वाद्यांत लक्ष घातले. तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्यांच्या नादाला सूर कसा येतो आणि तानपुऱ्याच्या घोडीमुळे तारेतून एवढे स्वर कसे निघतात, यावर त्यांनी १९२० आणि १९२१ साली शास्त्रीय निबंध लिहिले. पुढे १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनासाठी, पण तबल्यावरच्या शाईचा विचार करणे त्यांना कमीपणाचे वाटले नव्हते. आपल्या पोराने तबला धरला म्हणजे बुद्धी वाया गेली असे म्हणण्याआधी एवढे आठवावे.

कुरुंदवाडचा मुलगा

मिरजेपासून कृष्णाकाठाने थोडे पलीकडे गेले की नरसोबाची वाडी, आणि पुढे कुरुंदवाड. कुरुंदवाडला १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. घरी कीर्तनाची परंपरा. लहानपणी उत्सवात शोभेची दारू उडून डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचे शिक्षण अवघड होऊन बसले. आता या मुलाचे करायचे काय? त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. बुवांनी स्वतः ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींच्या घरी राहून विद्या मिळवली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती.

विष्णु दिगंबरांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. गावात एक प्रतिष्ठित समारंभ होता. राजेसाहेबांच्या मर्जीतला म्हणून विष्णुबुवांना आमंत्रण आले, पण त्यांच्या गुरुजींना आले नाही. कारण विचारले तर उत्तर मिळाले की ते काय, गवईच! हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा आणि विद्या घरोघरी न्यायची, हे ठरवून ते गावोगाव फिरले.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या आश्रयाने नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या पैशावर. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वर लिहिण्याची पद्धत, परीक्षा, पदवीदान, सगळे रीतसर. गुरूच्या घरी पाणी भरून, मर्जी सांभाळून कधीतरी पदरात पडणारी विद्या त्यांनी घंटेबरहुकूम शिकवली. गरीब पण हुशार मुलांना राहायजेवायला देऊन, बऱ्याच वर्षांचा करार करून, शिक्षक म्हणून तयार केले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे कर्ज डोक्यावर चढले आणि मुंबईची इमारतही हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते मिरजेतच वारले.

इमारत गेली, पण तयार केलेली माणसे राहिली. मिरजेत जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीताची शाळा चालवली. कुमार गंधर्व तिथेच घडले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे पहिले प्रमुख झाले. ज्याला 'गवईच' म्हटले होते, त्याचे शिष्य विद्यापीठाच्या खुर्चीवर बसले. याला दोन पिढ्याही लागल्या नाहीत.

याच काळात मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून, लिहून, छापून काढीत होते. हिंदुस्थानी संगीताचे त्यांचे मोठे ग्रंथ मराठीत आहेत, हे आपण विसरतो. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने लखनौला निघालेले संगीत महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचा प्राध्यापक

तुम्ही म्हणाल, ही कीर्तनकारांच्या, वकिलांच्या घरची मुले. शेतकऱ्याचे काय? तर मिरजेतलीच गोष्ट सांगतो. धारवाडजवळ मनसूर नावाचे खेडे आहे. तिथल्या शेतकरी घरातला मल्लिकार्जुन हा मुलगा. शाळेत मन लागेना, गाण्याचे वेड, म्हणून नाटक कंपनीत गेला. तिथे त्याचे गाणे मिरजेच्या नीलकंठबुवांच्या कानावर पडले. ते बाळकृष्णबुवांचे शिष्य. त्यांनी त्याला मिरजेला आणले आणि काही वर्षे ग्वाल्हेर गायकीची बैठक पक्की करून घेतली. पुढे जयपूर घराण्याच्या मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली.

पंडित मल्लिकार्जुन मनसूर यांना १९९२ साली पद्मविभूषण मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचे आहे ते दुसरेच. पोटासाठी त्यांनी ग्रामोफोन कंपनीत काम केले, आकाशवाणीवर संगीत सल्लागार म्हणून काम पाहिले, आणि शाळा अर्धवट सुटलेला हा माणूस धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात संगीत विभागाचा प्रमुख झाला. मैफल होतीच, पण नुसत्या मैफलीवर त्यांचा संसार उभा नव्हता.

मुलींच्या आईबापांनी हिराबाई बडोदेकरांचे नाव लक्षात ठेवावे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी १९०५ साली मिरजेत जन्मली. बायकांनी चारचौघांत गाणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या, आणि त्या मानाने केल्या. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

मग पोट भरतं का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरळ उत्तर असे की, एकाच पिकावर भिस्त ठेवणाऱ्याचे गाण्यातही हाल होतात. रंगमंचावर नाव होऊन त्यावरच सुखाने जगणारे थोडे. पण ज्वारीत तूर, उसात हरभरा, दारात दोन म्हशी, असा मेळ घालतो त्याचे बरे चालते, तसेच इथे आहे. गावात किंवा तालुक्याला चार शिकवण्या, कीर्तन-भजनाला पेटी-पखवाजाची साथ, आकाशवाणीची परीक्षा देऊन मिळवलेली श्रेणी, लग्नसराईतला वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणाचे काम, वाद्यांची दुरुस्ती, आणि शिक्षण पुरे असेल तर शाळा-महाविद्यालयातली जागा. यांतली तीन-चार कामे हाताशी असली की घर चालते. मात्र संगीत शिक्षकाची जागा प्रत्येक शाळेत नसते, आणि महाविद्यालयांतही कित्येकांना तासांवर काम करावे लागते, हेही ध्यानात असू द्या. खोटी आशा दाखवून काय उपयोग?

शिकण्याची वाट अशी आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी स्थापले. त्याचे कार्यालय मिरजेतही आहे. त्याच्या परीक्षांची केंद्रे तालुक्यातालुक्यांत असतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण, आणि वर अलंकार, अशा पायऱ्या आहेत. मान्यताप्राप्त संस्थेच्या अशा परीक्षा ठरल्याप्रमाणे दिलेल्या मुलाला दहावीला वाढीव गुणांची सवलत मिळते. तिचे नियम बदलत असतात, म्हणून शाळेत आधी विचारून घ्यावे.

बारावीनंतर विद्यापीठाची पदवी घेता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. छत्तीसगडात खैरागढला तर १९५६ पासून कलेला वाहिलेले स्वतंत्र विद्यापीठ आहे. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायला जी 'नेट' परीक्षा लागते, तिच्यात संगीत हा विषय आहे. इथे एक सावधगिरी सांगतो. 'विशारद' झाले म्हणजे विद्यापीठाची बी. ए. झाली असे सरसकट धरू नका. नोकरीच्या अर्जाला कोणती पदवी चालते ते आधी पाहा. जमल्यास दोन्ही करा.

खेड्यातल्या मुलाला एक गोष्ट जास्त मिळालेली असते, तीही मोजावी. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तेव्हापासून शेतकऱ्यांची मुले तिथे कीर्तनाचे शिक्षण घेत आली आहेत. हरिपाठाला, काकड्याला, सप्ताहाला बसलेल्या पोराचा कान आणि लय आयती घडलेली असते. शहरातल्या मुलाला त्यासाठी क्लास लावावा लागतो. आपल्याकडे ती विद्या अंगणात असते, फक्त तिला पुढची शाळा दाखवायची राहते.

घरी काय करावे

पहिले असे की, पोराच्या अंगात आहे का हे आपण ठरवू नये, गावानेही ठरवू नये. तालुक्याच्या जाणत्या शिक्षकाकडे सहा महिने पाठवा आणि मग त्याला विचारा. दुसरे, रियाजाची वेळ ठरवून द्या. पहाटे धारा काढायची वेळ चुकत नाही, तशी ती चुकू नये. तिसरे, भारी वाद्य लगेच घेऊ नका. आधी शिक्षकाचे वाद्य, मग जुने, हात बसला की नवे. आणि घ्याल तेव्हा कारागिराकडे स्वतः जाऊन, शिक्षकाला बरोबर नेऊन घ्या. चौथे, बाकीची शाळा सोडू देऊ नका. संगीताची पदवी घ्यायलाही बारावी लागते. आणि पाचवे, वर्षातून एकदा तरी चांगले गाणे समोर बसून ऐकवा. मिरजेत दर्ग्याचा उरूस आहे, अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव होतो. भाड्याचे पैसे सोडले तर खर्च नाही.

मिरजेला जाल तेव्हा कारागिराच्या ओट्यावर दोन घटका बसा. त्याला विचारा, कोणत्या शिवारातला भोपळा चांगला, किती महिने वाळवावा, भाव काय. शेतकऱ्याशी बोलायला त्यालाही आवडेल. मग तयार तानपुरा छेडून दाखवायला सांगा. पोराला शेजारी बसू द्या आणि तो नाद संपेपर्यंत काही बोलू नका. परतीच्या गाडीत पोर आपण होऊन काय विचारते ते ऐका. विचारले, तर उत्तराला तुमच्याकडे आता शिक्षकाचे, परीक्षेचे आणि विद्यापीठाचे नाव आहे.